नेक्स्ट कॉलर, प्लीज

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा. १९८९ मध्ये अमेरिकेत आलो, आता बासष्ट वर्षांचा आहे. ओहायोत सिनसिनाटीच्या उत्तरेला मेसन नावाच्या गावात आमचं घर आहे. सुरुवातीची बारा-तेरा वर्षं फिल्ड सर्व्हिसची नोकरी होती. या कारखान्यातून त्या कारखान्यात, ओहायो ते इंडियाना, दिवसभर गाडीत. तेव्हापासून टॉक रेडिओ ऐकतो, म्हणजे गाण्यांऐवजी नुसत्या बोलण्याचे कार्यक्रम. आधी उजव्या मतांचे निवेदक रश लिम्बॉ, आणि २०२१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या वेळेत आलेली मंडळी. नव्या देशात माझ्याशी रोज तीन तास बोलणारा तो एकच माणूस होता. त्याने मला हसवत हसवत अमेरिका शिकवली. फुटबॉल कसा बघायचा, टॅक्स कमी का हवेत, कुठला सिनेमा उगाच डोक्यावर घेतलाय, सगळं. माझं मत रिपब्लिकन पक्षाला जातं आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मुलगी एकोणतीस वर्षांची, शिकागोला नर्स आहे. थँक्सगिव्हिंगला आली. एअरपोर्टवरून घरी येईपर्यंत गाडीत रेडिओ चालूच होता, ती गप्प. रात्री जेवताना मी दुपारी ऐकलेला एक किस्सा सांगत होतो, शिक्षणाच्या कर्जमाफीवरचा. तिने मध्येच काहीतरी मुद्दा काढला. मी उत्तर दिलं. तिने पुन्हा काढला. मग म्हणाली, "बाबा, तू मला बोलूच देत नाहीस." मी गमतीने म्हटलं, "नेक्स्ट कॉलर, प्लीज." ती ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी बोलावून निघून गेली. तीन आठवडे झाले, आईशी बोलते, माझ्याशी नाही.

बायको म्हणते, तो रेडिओच बंद करा, त्याच्या नादाने दोनदा सोन्याची नाणीही घेतलीत. मला सांगा, एका रेडिओच्या कार्यक्रमात एवढं वाईट काय आहे? आणि मुलीला कसं समजावू?

– एक जुना श्रोता

उत्तर

नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्याहून थोडे लहान आहात, म्हणून दादा-काका न म्हणता तुम्ही सही केलीत तेच म्हणते, श्रोते.

आधी माझी बाजू उघड करते, म्हणजे नंतर कुरकूर नको. त्या कार्यक्रमांमधलं बरंचसं राजकारण मला पटत नाही. पण मी स्वतः आकाशवाणीवर अकरा वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते. फोन-इन कार्यक्रम केलेत, लाल दिवा लागला की घसा कोरडा पडतो तो अनुभव घेतलाय. त्यामुळे माईकसमोर एकट्याने तीन तास माणसं धरून ठेवणारा कोणीही असो, मी आधी कान देते, मग नाक मुरडते. २००७ मध्ये बहिणीकडे कोलंबसला गेले होते. तिच्या यजमानांनी सिनसिनाटीला जाताना गाडीत तुमचे लिम्बॉ लावले. मला आठवतो तो कागदांचा आवाज. माणूस बोलता बोलता हातातला कागद मुद्दाम माईकजवळ खुळखुळवायचा, टेबलावर थाप मारायचा. आम्हाला कागद वाजला की स्टेशनवर बोलणी बसायची! इथे तोच कागद ऐकणाऱ्याला सांगत होता, हे बघ, माझ्या हातात पुरावा आहे. त्यानंतर लांबलेला एक श्वास, आणि मग टोला. मी हसले. माझं मत विरुद्ध असूनही हसले, आणि यजमानांनी आरशातून बघितलं ते अजून विसरले नाहीत.

तेव्हा, "तुम्ही हे ऐकताच कसं" असं मी तुम्हाला म्हणणार नाही. दिवसभर हायवेवर एकटा, नवा देश, नवी भाषा, आणि एक माणूस रोज बाराच्या ठोक्याला येऊन जणू तुमच्याच शेजारी बसतो. लोकांनी त्याला जीव लावला यात आश्चर्य नाही. आमच्या पिढीने मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' ऐकताना टेकाडे भावजींना असाच जीव लावला होता. महागाई, पाहुणे, सरकार, शेजारी, सगळं त्या घरातल्या थट्टेत यायचं. फरक एवढाच की तिथे मीनावहिनी होत्या आणि पंतही होते. भावजींनी फार ताणलं की कोणीतरी टोकायचं.

तुमच्या कार्यक्रमात टोकणारं कोणी नाही, आणि ते योगायोगाने नाही. अमेरिकेत १९४९ पासून एक नियम होता, फेअरनेस डॉक्ट्रिन म्हणायचे त्याला. रेडिओ-टीव्हीच्या परवानाधारकाने सार्वजनिक महत्त्वाचे वादाचे विषय घ्यायचे आणि विरुद्ध मतालाही जागा द्यायची. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात, १९८७ मध्ये, तो रद्द झाला. वर्षभरात, १ ऑगस्ट १९८८ ला, लिम्बॉ न्यूयॉर्कहून देशभर ऐकू येऊ लागले. नुसत्या नियमाने हे झालं असंही नाही. गाणी सगळी एफएमवर निघून गेली होती, एएमची, म्हणजे आपल्या मीडियम वेव्हची, स्टेशनं ओस पडायला लागली होती आणि त्यांना दुपार भरायला काहीतरी स्वस्त हवं होतं. कार्यक्रम स्टेशनला रोख पैसे न मागता द्यायचा, बदल्यात जाहिरातीची मिनिटं घ्यायची, असा तो सौदा होता. एक माणूस, एक फोनलाइन, एक घड्याळ. पाहुणे बोलवायला नकोत, वाद्यवृंद नको. लिम्बॉ तर पाहुणे क्वचितच बोलवायचे.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, म्हणून रेडिओवर हा प्रकार रुजला नाही. आपण ती हौस टीव्हीवर रात्री नऊला भागवतो. साताऱ्याला माझा एक आतेभाऊ आहे, त्याला नवाच्या चर्चेनंतर तासभर कोणी मीठ मागितलं तरी तो "आधी उत्तर द्या" म्हणतो. त्याची बायको त्याला मीठ देते आणि निघून जाते. हे दुखणं काही एकट्या अमेरिकेचं नाही.

आता फोनबद्दल सांगते, कारण ती बाजू मी आतून पाहिली आहे. तुम्हाला गाडीत वाटतं की लोक फोन करतात आणि गप्पा होतात. तसं नसतं. आधी फोन घेणारा एक माणूस असतो. तो विचारतो, कुठून बोलताय, काय म्हणायचंय. कंटाळवाणा माणूस तिथेच गळतो. उरलेल्यांचं नाव, गाव आणि मुद्दा एका ओळीत निवेदकासमोरच्या पडद्यावर येतो. म्हणजे कॉलर बोलायला लागतो तेव्हा निवेदकाचं उत्तर अर्धं तयार असतं. प्रक्षेपण काही सेकंद मागे चालतं, वावगं काही निघालं तर बटण दाबलं की संपलं. आणि संभाषण कधी थांबवायचं हे एकाच माणसाच्या हातात. आमच्याकडेही हे होतं, फक्त आम्ही ते फर्माइश विचारण्यासाठी वापरायचो. समोरचा "हॅलो, माझा आवाज येतोय का" म्हणत राहिला की फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली आणायचा आणि गोड आवाजात "धन्यवाद, संपर्क तुटलेला दिसतोय" म्हणायचं. तुटलेला नसायचा.

लिम्बॉंनी सुरुवातीच्या काळात थोडे दिवस एक प्रकार केला होता, तुम्ही कदाचित ऐकलाही असेल. नको असलेला कॉल तोडताना व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज लावायचा आणि वर एक किंकाळी. त्याला नाव दिलं होतं कॉलरचा गर्भपात. तो विनोद कोणावर होता हे मी सांगायला नको. करमणूक म्हणून बघितलं तर कारागिरी अव्वल होती, चवीबद्दल मी बोलत नाही.

आणि आता तुमचं जेवणाचं टेबल. दुपारी ऐकलेला किस्सा तुम्ही सांगताय. म्हणजे ते भाषण तयार आहे, टोला कुठे द्यायचा हे ठरलेलं आहे. मुलगी मुद्दा काढते. तुमच्याकडे उत्तर आहे, कारण तो मुद्दा दुपारीच कोणीतरी खोडून दाखवलाय. ती पुन्हा काढते. तुम्हाला ती अडथळा वाटते. मग तुम्ही बटण दाबता. "नेक्स्ट कॉलर, प्लीज."

पत्रात तुम्ही ते वाक्य किती सहज लिहून गेलात, "गमतीने म्हटलं". मी तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, नेहमीचं भांडण आहे, बाप उजवीकडे, लेक डावीकडे. दुसऱ्यांदा वाचताना त्या वाक्यापाशी थबकले. हो, तुम्ही कुठला रेडिओ ऐकता, कुणाला मत देता, त्यावरून ती चिडली असेलही, पण त्यासाठी कोणी ताटावरून उठत नाही. ती एअरपोर्टपासून घरापर्यंत तुमचा कार्यक्रम गप्प बसून ऐकत आली होती! ती उठली कारण शिकागोहून विमानाने येऊन ती तुमच्यासमोर बसली होती, आणि तुम्ही तिला लाइनवर धरलं होतं. गाडीत तुम्ही छत्तीस वर्षं श्रोते आहात. घरी तुम्ही निवेदक झालात, आणि मला वाटतं हे बरीच वर्षं चाललंय. सरकारने तो दोन्ही बाजूंचा नियम १९८७ मध्ये काढला, तो तुमच्या स्वयंपाकघरातून काढायचं काही कारण नव्हतं.

तुमच्या मेसनमध्येच डब्ल्यूएलडब्ल्यू स्टेशनचा जुना मनोरा उभा आहे, तुम्ही येता-जाता पाहत असाल. १९३४ मध्ये त्यावरून पाच लाख वॉटने प्रक्षेपण सुरू झालं होतं. आजच्या मोठ्या एएम स्टेशनांना परवानगी असते ती पन्नास हजार वॉटची. तेव्हा आजूबाजूचे लोक सांगायचे की रेडिओ बंद केला तरी तारेच्या कुंपणातून आवाज ऐकू येतो. मला बहिणीने ही गोष्ट सांगितली तेव्हा मी हसले होते. तुमचं पत्र वाचताना आठवली. गाडीतला रेडिओ तुम्ही घरी येऊन बंद करता, पण तुमच्या बायकोला तो रात्री दहापर्यंत ऐकू येत असणार.

बायकोचा उल्लेख निघालाच आहे तर ती सोन्याची नाणी. त्या कार्यक्रमांत जाहिरात निवेदकच वाचतो, त्याच आवाजात, त्याच लयीत. देश बुडतोय हे सांगता सांगता तो सोन्यावर येतो, गादीवर येतो, मध्ये श्वासही बदलत नाही. आपण गुरुपुष्याला पंचांग बघून सोनं घेणारी माणसं, आपण कोणाला हसणार! पण पंचांग निदान दुकानाकडून कमिशन घेत नाही. ती नाणी वजनाच्या भावापेक्षा किती वर देऊन घेतलीत, तो आकडा बायकोला खरा सांगून टाका. तो विषय तिथे संपेल.

तुम्ही विचारलंत, एवढं वाईट काय आहे. एक गोष्ट सांगते, आवडणार नाही. २०१२ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीने अमेरिकी संसदेच्या डेमोक्रॅट सदस्यांपुढे सांगितलं की विद्यापीठाच्या आरोग्यविम्यात गर्भनिरोधक गोळ्या धरल्या पाहिजेत. लिम्बॉंनी तिला हवेवरून अत्यंत गलिच्छ शब्द वापरले, एकदा नाही, सलग तीन दिवस. जाहिरातदार निघून जायला लागले तेव्हा माफी मागितली. त्या वर्षी तुमची मुलगी सोळा वर्षांची होती. पुढे ती नर्स झाली. त्या आठवड्यात तुम्ही घरी काय बोललात, आठवतंय का? कदाचित काहीच नाही. कदाचित जेवताना तोच किस्सा सांगून हसला असाल. मला माहीत नाही, पण तिला माहीत असेल. एकोणतिसाव्या वर्षी ताटावरून उठणारी मुलगी त्या एका संध्याकाळीच चिडलेली नसते.

तुमची मुलगीही काही अगदी शांत, समतोल असेल असं मी धरून चालत नाही. तिच्याही फोनवर तिच्या बाजूचे पॉडकास्ट असतील, रात्री उशिराच्या टीव्हीवरचे तिचे विनोदवीर असतील, आणि तुमच्यासारख्या माणसांची टिंगल तिथेही भरपूर होते. डाव्या मंडळींनी रेडिओवर तुमच्या लोकांची नक्कल करूनही पाहिली, एअर अमेरिका नावाने. २००४ मध्ये निघालं, २०१० मध्ये गुंडाळलं. त्यांचा विनोद तोवर टीव्हीवर जाऊन बसला होता. तर तीही कोणाची तरी श्रोती असणार. पण पत्र तिने लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंय, म्हणून बोलणी तुम्हाला.

आता काय करायचं ते.

रेडिओ बंद करू नका. बायकोच्या सांगण्यावरून केलात तर आठवड्याभरात गॅरेजमध्ये गाडीत बसून चोरून ऐकाल. असे दोघेजण मला माहीत आहेत. ऐका, हसा, मतही ज्याला द्यायचंय त्याला द्या. मात्र मुलगी गाडीत असेल तेव्हा पूर्ण बंद. बारीक आवाजात चालू ठेवायचा नाही, त्याने माणूस जास्त वैतागतो, कारण अर्धा कान तिकडेच राहतो.

दुसरं, आमच्याकडे नवीन उद्घोषकांना स्वतःच्या कार्यक्रमाची टेप ऐकायला लावायचे. मला पहिल्या वेळी रडू आलं होतं. मी प्रत्येक पाहुण्याच्या वाक्यावर "हं, बरोबर, बरोबर" करत त्याचा शेवट खात होते. तुम्ही एक संध्याकाळ बायकोला सांगून, तिची हरकत नसेल तर, जेवताना फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. मग एकट्याने गाडीत ऐका, बाराच्या ठोक्याला, नेहमीच्या कार्यक्रमाच्या जागी. तिची किती वाक्यं पूर्ण झाली ते मोजा. तुम्ही तिला किती प्रश्न विचारलेत तेही. "हो ना?" हा प्रश्न धरू नका.

तिसरं म्हणजे कट्टा शोधा. तुम्हाला बोलायला माणूस हवाय, हे तुमच्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लख्ख दिसतं आणि त्यात काहीच गैर नाही. पण असा माणूस हवा जो तुम्हाला "गप रे, काहीही काय" म्हणू शकेल. सांगलीत तुमचा जो काही कट्टा असेल, तिथे एखादा तीन तास एकटा बोलला असता तर त्याला चहाचे पैसे द्यायला लावून घरी पाठवलं असतं. महाराष्ट्र मंडळात तुमच्या वयाची मंडळी असतीलच. व्हॉट्सॲपवरचा कट्टा चालणार नाही, तिथे पुन्हा प्रत्येकजण निवेदकच.

राहिली मुलगी. तुम्ही लिहिलंत, तिला कसं समजावू. समजावायला जाल तर तो पुन्हा कार्यक्रमच होईल. तिला फोन करा. मेसेज नको, आईच्या फोनवरून नको, तुमच्या. उचलला नाही तर व्हॉइसमेल ठेवा. दोन वाक्यं पुरे: "तुला नेक्स्ट कॉलर म्हणालो ते चुकलं. तू काय सांगत होतीस ते मला ऐकायचंय." तिसरं वाक्य 'पण'ने सुरू होणार असेल तर फोन ठेवून द्या. कर्जमाफीचा विषय तिने काढला तर ऐका, तुमचं मत तिने विचारलं तरच सांगा, आणि तेही तुमच्या शब्दांत. दुपारी ऐकलेला किस्सा नको. तिच्या डोक्यावर कॉलेजचं किती कर्ज आहे, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? पत्रात तुम्ही ते कुठे लिहिलेलं नाही. मला शंका आहे की ती त्या रात्री तेच सांगायला बघत होती.

फोन रविवारी करा. नर्स आहे, नाइट ड्युटी आहे का हे आधी बायकोला विचारून घ्या, आणि शिकागोचं घड्याळ तुमच्या एक तास मागे आहे, सकाळी सातला उठवू नका.